गृहीत एक, इंग्रजी शब्द अनेक

प्रश्न: मी नाशिकला एका कर सल्लागारांच्या ऑफिसात काम करते आणि सोबत यूपीएससीची तयारी चालू आहे. शिक्षण मराठी माध्यमातून. इंग्रजी वाचलेलं समजतं, पण काही शब्द कायम दगा देतात. मागच्या महिन्यात एका क्लायंटला ‘आय प्रिझ्यूम यू हॅव नॉट पेड द ॲडव्हान्स टॅक्स’ अशी मेल केली आणि ते भडकले. सर म्हणाले, ‘प्रिझ्यूम’ काढ, ‘अस्यूम’ घाल. शब्दकोशात दोन्हींपुढे ‘गृहीत धरणे’ एवढंच आहे! एका टिपणात बँक स्टेटमेंटवरून ‘वी डिडक्टेड दॅट द रेंट वॉज पेड इन कॅश’ असं लिहिलं, तर ऑफिसभर हशा पिकला. ‘द स्टेटमेंट इन्फर्स’ला लाल गोल मिळाला. आणि सीसॅटच्या, म्हणजे पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपराच्या, उताऱ्यांमध्ये असम्प्शन आणि इन्फरन्स यांची माझ्याकडून हटकून अदलाबदल होते. हे शब्द ओळखायचे कसे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: शब्दकोश आणखी जाड घेतलात तरी हे सुटणार नाही, कारण घोळ मराठी बाजूला आहे. नववीच्या भूमितीत ‘युक्लिडची गृहीतके’ असतात, त्यांना इंग्रजीत पॉश्च्युलेट म्हणतात. मराठीत प्रबंध लिहिणारे ‘संशोधनाची गृहीतके’ लिहितात, तिथे बहुधा हायपोथिसिस अभिप्रेत असतं. तर्काच्या प्रश्नांत गृहीतक म्हणजे असम्प्शन. ‘अनुमान’चीही तीच गत: इन्फरही तेच, डिड्यूसही तेच आणि बोलताना साधा अंदाजही तेच. एका खुंटीवर इतके कपडे टांगल्यावर घाईत भलताच हाती येणारच.

म्हणून अर्थ पाठ करण्यापेक्षा दोन प्रश्न विचारायची सवय लावा. हे काम कोणी केलं, सांगणाऱ्यानं की ऐकणाऱ्यानं? आणि ही गोष्ट समोरच्या विधानाच्या अलीकडची आहे की पलीकडची, म्हणजे विधान करण्याआधीच मनात धरलेली की विधान ऐकल्यावर त्यातून काढलेली? तुमच्या चारपैकी दोन चुका एवढ्यानंच सुटतात. ‘प्रिझ्यूम’ला थोडं जास्त लागेल आणि ‘डिडक्टेड’ची भानगड निराळी आहे.

सोप्यापासून घेऊ. इम्प्लाय आणि इन्फर यांतला फरक मराठी घरात कोणाला शिकवावा लागत नाही. लेकी बोले सुने लागे. सासू लेकीकडे बघत म्हणते, ‘आमच्या वेळी पोळ्या तव्यावरून थेट ताटात पडायच्या हो.’ सासूनं इम्प्लाय केलं. ओट्याशी उभ्या सुनेनं जे ओळखलं ते तिनं इन्फर केलं. वाक्य एकच, पण बोलणारी सुचवते आणि ऐकणारी अर्थ काढते. सुनेनं नको तो अर्थ काढला असेल, तर तिनं इन्फर केलं पण सासूनं इम्प्लाय केलं नव्हतं, असंही होऊ शकतं. घरोघरची निम्मी भांडणं इथलीच.

आता तुमचं ‘द स्टेटमेंट इन्फर्स’. कागदाला डोकं नसतं. स्टेटमेंट, आकडेवारी, अहवाल, एखाद्याचं गप्प राहणं हे सगळं इम्प्लाय करू शकतं, अर्थ मात्र माणूसच काढतो. म्हणून एक तर ‘द स्टेटमेंट इम्प्लाइज दॅट…’ लिहा, नाही तर ‘फ्रॉम द स्टेटमेंट वी इन्फर दॅट…’. शंका आली की वाक्यात ‘फ्रॉम’ बसवून बघा. ‘वरून, मधून’ असा अर्थ येत असेल तर इन्फर. इम्प्लायला असं ‘फ्रॉम’ जोडता येत नाही. इन्फर हा शब्द सुचवणे या अर्थानंही जुन्या काळापासून वापरला गेला आहे आणि मोठे शब्दकोश त्याची नोंद घेतात, तेव्हा कोणी तुमच्याशी त्यावरून वाद घालू शकेल. घालू दे. परीक्षक आणि साहेब दोघेही त्याला चूकच मानतात.

इम्प्लायच्या मुळाशी लॅटिनमधली घडी घालण्याची क्रिया आहे. घडीत राहिलेलं ते इम्प्लिसिट, उलगडून दाखवलेलं ते एक्स्प्लिसिट. बँकेच्या परीक्षांत ‘विच असम्प्शन इज इम्प्लिसिट’ असं विचारतात तेव्हा त्यांना तेच हवं असतं: विधानाच्या घडीत न बोलता ठेवलेलं काय आहे?

एक सावधगिरी. गणितात आणि तर्कात इम्प्लाय म्हणजे आडून सुचवणं नव्हे. एक्स बरोबर 2 असेल तर एक्सचा वर्ग 4 असणारच, याला तिथे इम्प्लाय म्हणतात. उलट दिशेनं ते चालत नाही, कारण वर्ग 4 असला तरी एक्स उणे 2 असू शकतो. सीसॅटमधले कितीतरी चुकीचे पर्याय नेमके या उलट्या दिशेनं बनवलेले असतात. उताऱ्यात ‘पाऊस पडला की धरण भरतं’ असतं आणि पर्यायात ‘धरण भरलं, म्हणजे पाऊस पडला’. वरच्या धरणातून पाणी सोडलं असेल तर?

आता तुमची मेल. आधी उच्चाराबद्दल: अस्यूममध्ये स आहे, प्रिझ्यूममध्ये झ. आपल्याकडे सर्रास ‘अझ्यूम’ ऐकू येतं, ती शेजारच्या शब्दाची सावली. दोन्हींच्या पोटात लॅटिनमधलं ‘घेणं’ आहे, आणि गंमत म्हणजे आपल्या ‘गृहीत’मध्येही ग्रह्, म्हणजे घेणंच आहे. बदली होऊन आलेल्या अधिकाऱ्याच्या पत्रात ‘हॅज अस्यूम्ड चार्ज’ असतं, तिथे हा घेण्याचा अर्थ अजून जिवंत दिसतो. प्रिझ्यूममधला ‘प्रि’ म्हणजे आधीच. पुरावा हाती येण्याआधीच घेतलेलं.

फरक असा की अस्यूम करायला आधार लागत नाही, खरं वाटावं लागत नाही, इतकंच काय, खोटं आहे हे ठाऊक असतानाही अस्यूम करता येतं. शाळेतली अप्रत्यक्ष सिद्धता आठवा. ‘समजा, दोनचं वर्गमूळ ही परिमेय संख्या आहे’ असं लिहितो ते खोडून काढण्यासाठीच. इंग्रजीत तिथे ‘अस्यूम’ किंवा ‘सपोज’ येईल. ‘प्रिझ्यूम’ कोणी लिहिणार नाही, कारण प्रिझ्यूम करणारा ती गोष्ट बहुधा खरी आहे असं धरून चालतो आणि उलट पुरावा येईपर्यंत तिला चिकटून राहतो. 1871 साली टांगानिका सरोवराकाठी उजीजी इथे, आफ्रिकेत बेपत्ता झालेल्या लिव्हिंगस्टन या संशोधकाला शोधायला गेलेला पत्रकार स्टॅन्ले म्हणे पुढे होऊन म्हणाला, ‘डॉक्टर लिव्हिंगस्टन, आय प्रिझ्यूम?’ ज्याला शोधत आलो तो गोरा माणूस या गावात आहे एवढी खबर हाती असताना समोर गोरा माणूस उभा! आधार पक्का, खात्री तेवढी बाकी. इथे अस्यूम फिकं वाटलं असतं. (हाच लिव्हिंगस्टन 1866 मध्ये मुंबईहून झांझिबारला निघाला तेव्हा त्याच्या ताफ्यात तुमच्या नाशिकच्या शरणपूरमधल्या मिशनच्या शाळेत वाढलेले, गुलामगिरीतून सुटलेले आफ्रिकी तरुण होते.)

प्रिझ्यूमचं खरं राज्य कायद्यात आहे आणि तुमच्या ऑफिसात ते रोज समोर येतं. 1872 च्या पुराव्याच्या कायद्यात ‘मे प्रिझ्यूम’ आणि ‘शॅल प्रिझ्यूम’ असे दोन वेगळे दर्जे होते. पहिल्यात न्यायालय तसं धरू शकतं, दुसऱ्यात धरावंच लागतं, आणि उलट सिद्ध झालं की दोन्ही गळून पडतात. 1 जुलै 2024 पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमानं घेतली, पण हे दोन शब्द तिथेही कायम आहेत. चेक वटला नाही की परक्राम्य संलेख अधिनियमाचं (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं) कलम 138 सगळ्यांना आठवतं. त्याच्या पुढचं 139 सांगतं की चेक एखाद्या देण्यापोटीच मिळाला होता असं प्रिझ्यूम केलं जाईल, तसं नसल्यास चेक देणाऱ्यानं ते दाखवायचं. आणि तुमचं ‘प्रिझम्प्टिव्ह’: 1961 च्या आयकर कायद्यातल्या कलम 44 एडीनं छोट्या धंद्याचा नफा उलाढालीच्या 8 टक्के, बँकेतून किंवा डिजिटल मार्गानं आलेल्या रकमेवर 6 टक्के, असा धरला. नफा याहून कमी दाखवायचा तर हिशेबाच्या वह्या ठेवा, ऑडिट करून घ्या आणि सिद्ध करा. यापेक्षा नेमकं उदाहरण प्रिझ्यूमला मिळणार नाही. कोणी तरी धरून चाललंय, आणि ते खोडायची जबाबदारी तुमच्यावर आहे.

आता क्लायंट का भडकले ते दिसेल. ‘आय प्रिझ्यूम यू हॅव नॉट पेड’ याचा त्यांना लागलेला अर्थ: तुम्ही भरला नसणारच, भरला असेल तर दाखवा. शिवाय याच शब्दाच्या घरातला ‘प्रिझम्प्शुअस’ म्हणजे आगाऊ. सरांनी सुचवलेल्या ‘अस्यूम’नं धार थोडी बोथट होते, पण ‘तुम्ही कर भरला नाही’ हे वाक्य त्यांच्या तोंडावर तसंच राहतं. ते ‘यू’च काढून टाका: ‘प्लीज कन्फर्म व्हेदर द ॲडव्हान्स टॅक्स हॅज बीन पेड. अंटिल देन, अवर वर्किंग अस्यूम्स दॅट इट हॅज नॉट.’ गृहीत माणसाबद्दल न राहता हिशेबाच्या कागदावर गेलं. अस्यूमची ती हक्काची जागा आहे.

‘डिडक्टेड’वर हसणाऱ्यांनी थोडं सबुरीनं घ्यायला हवं होतं, कारण दोन्ही शब्द एकाच लॅटिन क्रियापदाची पिल्लं आहेत आणि नाम दोघांचंही ‘डिडक्शन’च आहे. दिवसभर टीडीएस, म्हणजे टॅक्स डिडक्टेड ॲट सोर्स, टाइप करणाऱ्याच्या बोटांना दुसरं काय सुचणार? डिडक्ट म्हणजे वजा करणं, कापून घेणं. त्याचं भूतकाळी रूप डिडक्टेड, कापणारा डिडक्टर, ज्याचा कापला तो डिडक्टी, वजावटीस पात्र खर्च डिडक्टिबल. डिड्यूस म्हणजे तर्कानं काढणं. त्याचं रूप डिड्यूस्ड, आणि तर्कानं काढता येण्याजोगं ते डिड्यूसिबल. वाक्यात पैसा कापला जात असेल तर शेवटी ‘टेड’, डोकं चालवलं असेल तर ‘स्ड’.

पण तुमच्या त्या वाक्यात ‘डिड्यूस्ड’सुद्धा बसत नाही, आणि हे ऑफिसात कोणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही. बँक स्टेटमेंटमध्ये भाड्याची नोंद नाही, म्हणून भाडं रोखीत दिलं. असंच असलं पाहिजे का? भाडं दुसऱ्या बँकेतल्या खात्यातून गेलं असेल. पत्नीच्या खात्यातून गेलं असेल. डिपॉझिटमधून वळतं झालं असेल, किंवा दिलंच नसेल. डिड्यूस तेव्हा म्हणायचं, जेव्हा आधीची विधानं खरी असताना निष्कर्ष खोटा निघूच शकत नाही. नियम असा की ठरावीक रकमेवरच्या भाड्यावर टीडीएस कापायचाच, या क्लायंटचं भाडं त्या रकमेच्या वर आहे, म्हणजे कापायला हवा होता: हे डिड्यूस. तुमचं रोखीचं म्हणणं शक्यतेचं आहे, म्हणून तिथे ‘वी इन्फर्ड’. इन्फर हा मोठा डबा, त्यात पक्कंही बसतं आणि बहुधाचंही. डिड्यूस हा त्यातला एक छोटा, घट्ट झाकणाचा डबा. शंका असेल तेव्हा मोठा वापरा, चूक होणार नाही.

आणि त्या रोखीच्या अनुमानात तुम्ही न बोलता एक गोष्ट धरली होती, लक्षात आली का? या माणसाचे सगळे व्यवहार याच खात्यातून होतात. हे तुमचं असम्प्शन. स्टेटमेंट वाचायच्या आधीपासून मनात होतं, म्हणून अलीकडचं. रोखीचा निष्कर्ष वाचल्यावर निघाला, म्हणून पलीकडचा. असम्प्शन उलटं करून बघा: ‘या माणसाचं आणखी एक खातं आहे.’ निष्कर्ष तिथेच लटपटतो. उलटं केल्यावर युक्तिवाद कोसळतो ते असम्प्शन, ही कसोटी सीसॅटच्या खोलीत सोबत घेऊन जा.

तिथल्या प्रश्नासारखं एक छोटं उदाहरण नीट उघडून बघू. गल्लीतल्या दुकानावर पाटी लागली: ‘दूध घेणाऱ्या ग्राहकांच्या सोयीसाठी उद्यापासून दुकान सकाळी आठऐवजी सात वाजता उघडेल.’

पहिला पर्याय: दूध घेणाऱ्या काही ग्राहकांना आठच्या आधी यायचं असतं. पाटीवर हे लिहिलेलं नाही. उलटं करू: दूध घेणाऱ्या एकाही ग्राहकाला आठच्या आधी यायचं नसतं. मग ही सोय कोणाची? पाटीचं कारणच संपलं. म्हणजे हे असम्प्शन.

दुसरा: आजपर्यंत दुकान आठला उघडत होतं. ‘आठऐवजी’ या एका शब्दातून हे निघतं. हे इन्फरन्स आहे. ‘हे तर पाटीतच आहे, इतकं सोपं उत्तर कसं असेल’ म्हणून मुलं ते सोडून देतात आणि पुढच्या, जास्त हुशार दिसणाऱ्या पर्यायाकडे जातात. तो म्हणजे: दुकानाची विक्री वाढेल. ही दुकानदाराची आशा असेल, तुमचा व्यवहारी अनुभव असेल, पण पाटीतून ती निघत नाही. पाटी सोयीबद्दल बोलते. इन्फरन्सला उताऱ्याबाहेरची एकही काडी चालत नाही, आणि इथेच जीएसचा, म्हणजे सामान्य अध्ययनाचा, चांगला अभ्यास झालेली मुलं जास्त पडतात. उतारा अणुऊर्जेवर असतो, त्यांना त्या विषयाची वीस खरी वाक्यं येत असतात, पर्यायातलं वाक्य त्यांतलंच एक निघतं. खरं आहे, पण उताऱ्यातून येत नाही. चूक.

आणखी एक: सगळे ग्राहक दुधासाठीच येतात. उलटं करताना इथे घसरगुंडी आहे. ‘काही’चं उलट ‘एकही नाही’. ‘सगळे’चं उलट मात्र ‘एकही नाही’ नव्हे, तर ‘किमान एक जण तरी तसा नाही’. मराठीत ‘सगळे येत नाहीत’ या वाक्याचे दोन अर्थ होतात, कोणीच येत नाही आणि काहीजण येत नाहीत, म्हणून मनातल्या मनात मराठीत उलटं करताना ‘किमान एक तरी’ हेच शब्द वापरा. किमान एक ग्राहक साबणासाठी येतो. पाटीला काही झालं का? नाही. म्हणजे ते असम्प्शन नव्हे. ऑल, ओन्ली, ऑलवेज असलेले पर्याय बहुतेकदा याच कारणानं गळतात. पण त्यांना डोळे झाकून गाळू नका. उताऱ्यानं स्वतःच ‘ओन्ली’ म्हटलं असेल, तर ‘ओन्ली’वालाच पर्याय बरोबर असतो.

शेवटचा, जरा वात्रट: या दुकानात दूध मिळतं. मिळत नसेल तर पाटी निरर्थक, म्हणजे असम्प्शन. पण पाटी वाचून कोणीही हे ओळखेल, म्हणजे इन्फरन्सही? होय, दोन्ही. अशी काही विधानं असतात आणि त्यांवर तुमच्यासारख्यांची रात्र जाते. जाऊ देऊ नका. प्रश्नात काय विचारलंय तेवढं बघायचं. असम्प्शन विचारलं असेल तर उलटं करायचं, इन्फरन्स विचारलं असेल तर ‘उतारा खरा मानला तर हे नाकारता येतं का’ एवढंच तपासायचं. एका प्रश्नावर एकच कसोटी. दोन्ही लावायला गेलात की अदलाबदल होते, आणि तुमची चूक बहुधा इथेच होत असावी. पेपरात 80 प्रश्न, बरोबर उत्तराला अडीच गुण आणि चुकीला त्यातला तिसरा भाग वजा. पात्रतेपुरते 33 टक्केच लागतात, तेव्हा दोन पर्यायांत अडकलेला असा प्रश्न सोडून पुढे गेलात तरी आभाळ कोसळत नाही.

यूपीएससीच्या उताऱ्यांत कधीकधी ‘कोरोलरी’ विचारतात. ते तुमचं भूमितीतलं उपप्रमेय: मुख्य गोष्ट मान्य झाली की वेगळी सिद्धता न देता पदरात पडणारी. प्रेमिससाठीही भूमितीच उपयोगी. पक्ष, साध्य, सिद्धता असं आपण लिहीत आलो. पक्षात मांडलेलं ते प्रेमिस, साध्य ते कन्क्लूजन. प्रेमिस कागदावर लिहिलेलं असतं, असम्प्शन लिहिलेलं नसतं, बाकी दोघेही अलीकडचेच. प्रेमिसेस मात्र दोन अर्थी आहे. जागेच्या जुन्या दस्तांत ‘वर सांगितलेली’ मिळकत असं म्हणायला तो शब्द आला आणि पुढे जागेलाच चिकटला. जागा म्हणायची तेव्हा तो कायम अनेकवचनी. एका दुकानालाही प्रेमिसेसच, ‘ऑफिस प्रेमिस’ नव्हे.

इंडक्शन आणि डिडक्शन या जोडीत अडकला असाल तर डी.एड. केलेल्या कोणालाही विचारा, ते उद्गामी-अवगामी म्हणतील. उदाहरणांकडून नियमाकडे चढणं आणि नियमाकडून उदाहरणाकडे उतरणं. नाशिककरानं यासाठी देवळालीला जावं. तिथले शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा 6174 घ्या. कोणताही चार अंकी आकडा घ्यायचा, अंक उतरत्या क्रमानं लावायचे, त्यातून चढत्या क्रमाचा आकडा वजा करायचा, आलेल्या उत्तराला पुन्हा तेच. 3524 घेतला: 5432 वजा 2345, 3087. मग 8730 वजा 0378, 8352. मग 8532 वजा 2358, 6174. पुढे कितीही वेळा केलं तरी तोच. असे दहा आकडे करून तुम्ही म्हणालात, ‘सगळे 6174 लाच येतात’, तर ते इंडक्शन. भक्कम इन्फरन्स आहे, पण सिद्ध झालेलं नाही. आणि अकरावा आकडा 1111 निघाला तर? 1111 वजा 1111, शून्य. मग नियम नीट लिहायचा: चारही अंक सारखे नसावेत. आकडे मोजकेच आहेत, तेव्हा सगळे तपासले की खात्री होते: जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174. ती खात्री झाल्यावर न तपासलेल्या तुमच्या गाडीच्या नंबरबद्दल तुम्ही जे सांगाल ते डिडक्शन.

यातही एक असम्प्शन लपलेलं आहे, आणि मुलं वर्गात तिथेच फसतात. 1112 घ्या. 2111 वजा 1112, उत्तर 999. मुलं 999 वजा 999 करतात, शून्य येतं, आणि नियम खोटा म्हणून ओरडतात. पुढचं शून्य धरून 0999 लिहायचं, मग 9990 वजा 0999, 8991, आणि गाडी रुळावर येते. ‘उत्तर नेहमी चार अंकी लिहायचं’ हे कोणी बोललंच नव्हतं. उलटं केलं की सगळं कोसळलं. कसोटी तीच.

हायपोथिसिसबद्दल थोडक्यात: तपासून पाहण्यासाठी मुद्दाम मांडलेलं, खोटं ठरण्याची तयारी असलेलं विधान. असम्प्शन तुम्ही तपासणार नसता, हायपोथिसिस तपासायलाच घेतलेलं असतं. थिअरी त्याच्या बऱ्याच पुढे, अनेक तपासण्या पार केलेली मांडणी. ‘इट्स ओन्ली अ थिअरी’ हे बोलण्यातलं वाक्य विज्ञानाच्या उताऱ्यावर लावू नका.

सरावासाठी नवं पुस्तक नको. रोज पेपरातली एक बातमी घ्या, शक्यतो महापालिकेच्या एखाद्या निर्णयाची, कारण तिथे ‘म्हणून’, ‘यासाठी’ हमखास सापडतं. त्या निर्णयामागचं एक असम्प्शन आणि त्यातून निघणारं एक इन्फरन्स वहीत लिहा, असम्प्शनसमोर त्याचं उलट वाक्यही लिहा. दहा मिनिटांचं काम आहे. पहिल्या आठवड्यात इन्फरन्सच्या रकान्यात तुमची मतं येतील. ती खोडत जा.

राहिलं प्रिझ्यूम. मेलमधून तो काढूनच टाका, कशाचंच अडणार नाही. रिटर्नच्या फॉर्मवर आणि कोर्टाच्या कागदांत तो आपण होऊन येईल तेवढा पुरे. आणि ‘आर यू इम्प्लाइंग दॅट…’ असं एखाद्या क्लायंटनं तुम्हालाच लिहिलं, तर उत्तर मेलवर देऊ नका, फोन करा.